रेडॉन, कूलर आणि आप्पांची वही

जळगावला पिंप्राळ्याच्या पुढे जिथे काही वर्षांपूर्वी कपाशी उभी असायची, तिथे आता आमची कॉलनी आहे. एनए प्लॉट, रो-हाऊसेस, दारापुढे पेव्हर ब्लॉक आणि प्रत्येक घराच्या पार्किंगमध्ये एक बोअर. शेजारचे आप्पा भुसावळला रेल्वेत होते, तिथूनच रिटायर झाले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. त्याने गेल्या वर्षी घर घेतलं. घेण्याआधी तपासणीवाला माणूस आला, तळघरात एक डबी ठेवून गेला, दोन दिवसांनी घेऊन गेला आणि अहवालात लिहिलं : रेडॉन ६.२, मर्यादेच्या वर. मग घर विकणाऱ्याने स्वखर्चाने तळघराच्या फरशीला भोक पाडलं, पाइप बसवला, त्याला पंखा लावला आणि तो पाइप छताच्या वर नेऊन सोडला. तेव्हा कुठे व्यवहार झाला.

आप्पांनी फोन ठेवला आणि सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"सर, हाऊ रेडॉन काय भानगड शे? आपला घरना खाले बी शे का?"

मी उभा जन्म कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. सवयीने बोलून गेलो, "आहे की. सगळ्यांच्याच घराखाली असतो." आप्पांचा चेहरा उतरला. चहा आला तरी त्यांनी कप उचलला नाही. त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं, तेच इथे लिहितो आहे. कॉलनीतल्या आणखी चौघांनी तोच प्रश्न विचारला म्हणून.

मातीत, खडकात, विटेत, फरशीत, सगळीकडे युरेनियम असतं. दहा लाख भागांत दोन-तीन भाग, इतकं थोडं. ते फार सावकाश झिजतं. अर्धं संपायला ४५० कोटी वर्षं लागतात. झिजताना त्याचं रूप बदलत जातं आणि वाटेत एका टप्प्यावर रेडियम होतं. रेडियमपासून रेडॉन होतो. इथे एक गंमत आहे. या साखळीतले आधीचे सगळे पदार्थ घन, म्हणजे मातीच्या कणात रुतून बसलेले. रेडॉन मात्र वायू. तोही हेलियम, निऑनच्या घराण्यातला, कुणाशी संयोग न करणारा. मातीच्या कणातून सुटला की कणांमधल्या पोकळीत येतो आणि वाट मिळेल तिकडे सरकतो. रंग नाही, वास नाही, चव नाही.

त्याचं आयुष्यही बेताचं. आज शंभर अणू असतील तर पावणेचार दिवसांनी जवळपास पन्नासच उरतात. म्हणून फार खोलवरचा रेडॉन वर पोचतच नाही, रस्त्यातच संपतो. बोअर मारताना पाचशे फुटांवर काय लागलं याच्याशी इथे फारसा संबंध नाही. घराच्या पायाखालचे पहिले काही फूट कसे आहेत, हे महत्त्वाचं.

मोकळ्या रानात हा वायू जमिनीतून निघतो आणि वाऱ्यावर विरून जातो. बाहेरच्या हवेत तो नेहमीच असतो, दर घनमीटरला दहा-पंधरा बेकरेल. बेकरेल म्हणजे काय? एका सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल. शंभर बेकरेल म्हणजे मीटरभर लांब, रुंद आणि उंच अशा हवेच्या खोक्यात दर सेकंदाला रेडॉनचे शंभर अणू फुटताहेत. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्या खोक्यात रेडॉनचे अणू असतात सगळे मिळून पाचएक कोटी, आणि हवेचे रेणू मोजायचे तर पंचवीसवर चोवीस शून्यं द्यावी लागतात. एवढ्याशा मात्रेत असल्यामुळे "रेडॉन जड असतो, पाण्यासारखा फरशीवर साचतो" हेही खरं नाही. तो हवेपेक्षा जवळपास आठपट जड आहे हे बरोबर, पण एवढा विरळ वायू हवेत मिसळूनच राहतो. खाली गादी टाकून झोपणाऱ्याला जास्त आणि पलंगावरच्याला कमी, असं काही नसतं.

आप्पा इथे म्हणाले, "मंग नुकसान कसं करस तो?"

खरं म्हणजे रेडॉन स्वतः फार काही करत नाही. श्वासाबरोबर आत जातो, तसाच बाहेर येतो. नुकसान करतात त्याची पोरं. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियम होतं, मग शिसं, मग बिस्मथ, पुन्हा पोलोनियम, असा अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ. ही पोरं वायू नाहीत, घन आहेत. जन्मल्या जन्मल्या ती हवेतल्या धुळीला, धुराला चिकटतात आणि धुळीबरोबर फुप्फुसाच्या नळ्यांत जाऊन बसतात. तिथे बसून फुटतात. फुटताना जो अल्फा कण निघतो तो मोठा धटिंगण, पण लंगडा. हवेत तो चार-सात सेंटिमीटर जातो, कागदाने अडतो, अंगावरच्या कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच संपतो. मात्र फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला असा मेलेला थर नसतो. तिथे तो थेट जिवंत पेशीवर आदळतो आणि तिच्या गाभ्यातला धागा तोडतो. बहुतेक वेळा पेशी तो धागा सांधते किंवा मरून जाते. वर्षानुवर्षं मार बसत राहिला तर एखादी पेशी चुकीची सांधली जाते. तिथून कर्करोगाची शक्यता सुरू होते.

त्यामुळे याला लक्षण नाही. खोकला नाही, डोकं दुखणं नाही, चक्कर नाही. आपल्याकडे हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तो कार्बन मोनॉक्साइड. त्याचं काम मिनिटांत होतं. रेडॉनचा हिशेब वीस-तीस वर्षांचा. ज्यांच्या बाथरूमला खिडकी नाही आणि आत गॅस गीझर आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी त्याचं बघावं.

हे सगळं कळलं ते खाणींतून. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणीतले कामगार छातीच्या रोगाने लवकर मरतात हे शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी दाखवलं. पण राहत्या घरातही असं होऊ शकतं हे लोकांच्या डोक्यात शिरलं १९८४ साली, आणि तेही आप्पांच्या पुतण्याच्या पेनसिल्व्हेनियातच. तिथे लिमरिकला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. स्टॅनली वॉट्रस नावाचा इंजिनीअर तिथे कामाला होता. कामगारांच्या अंगावर किरणोत्सारी धूळ आहे का हे तपासणारं यंत्र त्याच्या वेळी सारखं बोंबलायचं. केंद्र तर अजून सुरूच झालेलं नव्हतं. मग ही धूळ आली कुठून? शेवटी त्याचं घर तपासलं. आत दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन निघाला. माणूस किरणोत्सार कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता! कुटुंबाला घर सोडावं लागलं. पुढे फरशीखालून हवा ओढून घेण्याची सोय केली आणि ते परत राहायला आले. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडॉनला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकलं. त्या गटात तंबाखूही आहे.

आता आकड्यांचा घोळ. आप्पांनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर वाचून मला पकडलं. "सर, पुतण्याना घरमा सहा निघना ते पंखा बसाडा. आनि जागतिक संघटना म्हनस शंभर लगून चालस. हाई कसं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर एककात आहे. अमेरिकेत रेडॉन पिकोक्युरी प्रति लिटर या मापात मोजतात, बाकी बरंचसं जग बेकरेल प्रति घनमीटरमध्ये. त्यांचा १ म्हणजे आपले ३७. पुतण्याचे ६.२ म्हणजे जवळपास २३०. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते, ४ च्या वर गेलात तर दुरुस्ती करा. ते झाले १४८ बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं की शक्यतो १०० च्या आत ठेवा, आणि एखाद्या देशाला ते जमतच नसेल तरी ३०० च्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे भांडण सहा आणि शंभरचं नाहीच, २३० आणि १०० चं आहे. यंत्रावर ६० दिसलं तर घाबरायचं कारण नाही, आणि ६ दिसलं म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. आधी कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचायचं.

धोका किती, हे सांगताना बहुतेक जण एकच वाक्य सांगतात : दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता १६ टक्क्यांनी वाढते. वाक्य खरं आहे, २००५ साली युरोपातल्या तेरा अभ्यासांचा एकत्र हिशेब केला त्यातून आलेलं. पण "१६ टक्के" कानावर पडलं की माणसाला वाटतं शंभरातले सोळा गेले. तसं नाही. सोळा टक्के कशाचे, हे विचारायचं. त्याच हिशेबात पुढे दिलंय. कधीही धूम्रपान न केलेले हजार लोक घ्या. रेडॉन अजिबात नसेल तर पंचाहत्तरीपर्यंत त्यातल्या ४ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होईल. १०० बेकरेलच्या घरात राहिले तर ५ जणांना. ४०० बेकरेल असेल तर ७ जणांना. आता आयुष्यभर सिगारेट ओढणारे हजार लोक घ्या. रेडॉन नसताना १००. शंभर बेकरेलला १२०. चारशेला १६०.

आप्पांनी हे आकडे दोनदा विचारले. मग खिशातलं बिडीचं बंडल चाचपलं, बाहेर मात्र काढलं नाही.

म्हणजे रेडॉन हा मुख्यतः गुणाकार आहे. तंबाखूच्या धुराने जे आधीच वाढवून ठेवलंय, त्याला तो आणखी गुणतो. अमेरिकेतल्या सरकारी अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे झालेल्या कर्करोगाने जातात, आणि त्यात कधीही धूम्रपान न केलेले २,९०० च्या आसपास. बाकीचे सगळे आज किंवा कधीकाळी ओढणारे. खानदेशातल्या घरात रेडॉनचा धोका कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर रेडॉनबद्दलचं नसेल. तसंच चुलीच्या धुराचं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळून स्वयंपाक करणारी बाई रोज जो धूर घेते, त्यापुढे शंभर बेकरेल हा किरकोळ विषय आहे.

मग खानदेशाच्या जमिनीकडे वळू. इथे बातमी बरी आहे. आपण बसलोय ते काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खन तयार झाला. बेसॉल्टमध्ये युरेनियम कमी, साधारण दहा लाखांत एक भाग किंवा त्याहून कमी. ग्रॅनाइटमध्ये तीन ते पाच भाग. तापीकाठचा गाळ, सातपुड्याच्या पायथ्याची केळीची जमीन, हीसुद्धा बहुतेक याच खडकाची झीज. वर काळी माती. चिकण, बारीक कणांची. ती ओली असताना वायूला सहज वाट देत नाही. झारखंडातल्या जादुगुड्यासारख्या युरेनियमच्या खाणी इथे नाहीत, केरळच्या किनाऱ्यावरची थोरियमची वाळूही नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण जमीन चांगली म्हणजे घर चांगलं, असं रेडॉनच्या बाबतीत चालत नाही. तालुका एक, कॉलनी एक, भिंतीला भिंत लागलेली, तरी दोन घरांचे आकडे वेगळे येऊ शकतात. का, ते आमच्याच कॉलनीचं उदाहरण घेऊन सांगतो.

इथे घर बांधताना काळी माती काढून प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, मुरूम भरतात. काळी माती फुगते, आकसते, म्हणून हे बरोबरच आहे. पण मुरूम म्हणजे भुसभुशीत खडक, पोकळ्यांनी भरलेला. वायूला फिरायला ऐसपैस जागा. त्यावर पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, त्यावर फरशी. घर थोडं बसलं की भिंत आणि फरशीच्या सांध्यात केसासारखी भेग पडते, आमच्या कॉलनीत कुणाच्या घरात ती नाही? शिवाय फरशीतून जाणारे संडासाचे, मोरीचे पाइप, त्यांच्याभोवती नीट न भरलेलं सिमेंट. बाहेर आपण अंगणभर पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट केलेलं. पूर्वी अंगणातून निघून जाणारा वायू आता घराखालूनच वाट शोधतो. पावसाळ्यात भोवतालची माती ओली होऊन बंद होते आणि घराखालची तेवढी कोरडी राहते. तेव्हाही तोच प्रकार.

वायू आत येतो तो मुख्यतः ओढला जातो म्हणून. अमेरिकेत हिवाळ्यात घरं तापवतात. गरम हवा वर जाऊन छताकडून निसटते आणि तिची जागा भरायला तळघराच्या भेगांतून जमिनीतली हवा वर खेचली जाते. घर म्हणजे एक मोठी चिमणीच होऊन बसतं. म्हणून तिकडे हा प्रश्न एवढा मोठा. आपल्याकडे घर कोण तापवतं? ते आपोआपच तापतं! आपल्याकडे ही ओढ लावतो तो स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट किंवा चिमणी, आणि तीही खिडक्या घट्ट लावलेल्या असल्या तर. एक्झॉस्ट चालू असताना खिडकी किलकिली ठेवली की त्याला बाहेरची हवा मिळते, फरशीखालची ओढावी लागत नाही.

आता कूलर. मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा आपण खिडकीत कूलर लावतो आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवतो. नाहीतर घर दमट होतं, गारवा लागत नाही, हे इथल्या पोरासोरालाही कळतं. कूलर काय करतो? बाहेरची ताजी हवा सतत घरात ढकलतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो. फरशीच्या भेगेतून हवा वर यायच्याऐवजी खाली रेटली जाते, आणि आलेला रेडॉन समोरच्या खिडकीतून निघून जातो. पुतण्याच्या घरातला पंखा जे काम फरशीखालून करतो, जवळपास तेच आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर वरून करतो. कुणी ठरवून केलेलं नाही, पण होतं खरं.

एसी याच्या उलट. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. वर आपण दाराखाली कापड सारतो, स्लायडिंगच्या खिडक्या लावतो. उदाहरणासाठी एक सोपा हिशेब घ्या. एका खोलीत फरशीतून दर तासाला घनमीटरमागे २० बेकरेल रेडॉन येतोय असं धरा. तासाला एकदा खोलीची सगळी हवा बदलत असेल तर आकडा २० च्या आसपास थांबेल, अधिक बाहेरच्या हवेतला असेल तेवढा. दहा तासांतून एकदा बदलत असेल तर तोच आकडा १८५ पर्यंत चढेल. जमीन तीच, फरशी तीच. फरक फक्त हवेच्या येण्याजाण्याचा. नळाची धार तेवढीच ठेवून हौदाचं पाणी जायचं तोंड बुजवल्यासारखं.

म्हणून जुनी धाब्याची घरंही आंधळेपणाने चांगली म्हणू नयेत. मातीची भिंत, सारवलेली जमीन, म्हणजे खालून आणि बाजूने वायूला मोकळी वाट. छपराला उजेडाचं भोक असायचं, दारं दिवसभर उघडी असायची, म्हणून चालून जायचं. त्याच धाब्याच्या घरात कुणी आता एसी बसवून झरोके बुजवले असतील, तर कॉलनीतल्या फ्लॅटच्या आधी मी ते घर तपासेन.

ग्रॅनाइटच्या ओट्याबद्दल प्रत्येक जण विचारतो. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम जास्त असतं हे वर सांगितलंच. पण ओटा म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर जाडीची गुळगुळीत, घट्ट फरशी. तिच्यातून निघणारा रेडॉन सहसा नगण्य असतो, घराखालच्या जमिनीच्या मानाने तर फारच कमी. ओटा काढून कडप्पा बसवू नका. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या विटांचंही असंच. कोळसा जळतो, त्यातलं युरेनियम-रेडियम राखेत उरतं, म्हणून राखेत त्याचं प्रमाण कोळशापेक्षा जास्त, हे खरं. पण ते साधारण नेहमीच्या मातीच्या आणि खडकाच्या पातळीतच येतं. शिवाय राखेचा कण वितळून काचेसारखा झालेला असतो, त्यामुळे आत तयार झालेला रेडॉन बहुतांशी आतच अडकून राहतो. बोअरच्या पाण्यात रेडॉन विरघळलेला असू शकतो, पण टाकीत पडताना, नळातून सांडताना तो बराचसा उडून जातो. घरातल्या हवेत त्याची भर क्वचितच मोजण्याइतकी पडते. बोअर घरातच, पार्किंगमध्ये असेल तर केसिंगचं तोंड मात्र झाकणाने बंद ठेवावं, विंचू-काट्यासाठी तरी.

राहता राहिलं मोजणं.

तीन प्रकार आहेत. पहिला कोळशाच्या डबीचा. आत सक्रिय कोळसा असतो, तो दोन ते सात दिवस रेडॉन शोषतो, मग प्रयोगशाळेत मोजतात. अमेरिकेत घरखरेदीच्या वेळी अशीच दोन-चार दिवसांची चाचणी चालते. घाईच्या कामाला ठीक. दुसरा प्रकार मला जास्त भरवशाचा वाटतो. एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. अल्फा कण त्यावर आदळला की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उठतो. तीन महिने लटकवून ठेवायचं, मग तो तुकडा कॉस्टिक सोड्यात धुतला की ओरखडे मोठे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. हे प्लास्टिक कुठलं? एक प्रकार तर चष्म्याच्या काचा ज्याच्या करतात तेच, सीआर-३९. भारतात एलआर-११५ नावाची तांबूस फिल्म जास्त वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी बारीक भोकांच्या खास डब्या तयार केल्या आहेत, आणि अनेक विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग त्या वापरतात. वीज नको, सेल नको. वर्षातून चार वेळा डबी बदलली की उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळं पकडलं जातं.

तिसरं म्हणजे डिजिटल यंत्र. ऑनलाइन मिळतं, महाग असतं, पण एक यंत्र दहा घरं फिरू शकतं. याचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. ही यंत्रं लहान असतात. कमी रेडॉन असला की तासाभरात त्यांना मोजायला मोजकेच अणू सापडतात. रस्त्यावर उभं राहून दहा मिनिटांत किती लाल गाड्या गेल्या यावरून गावातल्या लाल गाड्या मोजाव्यात, तसं. म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा धरायचाच नाही. रात्री ३० आणि सकाळी ९० दिसलं तर घर बिघडलेलं नसतं. निदान महिन्याची सरासरी बघायची. तीन महिन्यांची असेल तर उत्तम.

कुठे ठेवायचं? सगळ्यात खालच्या मजल्यावर, जिथे माणूस रोज बराच वेळ बसतो किंवा झोपतो तिथे. नाकाच्या उंचीला. फरशीवर नको, पंख्याखाली नको, स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये नको, खिडकीजवळ नको. भिंतीला टेकवूनही नको, कारण मातीच्या किंवा विटेच्या भिंतीतून रेडॉनचा धाकटा भाऊ थोरॉन येतो. तो मिनिटाच्या आत निम्मा होतो, त्यामुळे भिंतीपासून लांब पोचत नाही, पण भिंतीलगतच्या यंत्राला चकवतो. अमेरिकेतल्या सूचना म्हणतात, छोट्या मुदतीच्या चाचणीआधी बारा तास दारं-खिडक्या बंद ठेवा. आपल्याकडे तसं करून काही उपयोग नाही. जसं राहता तसंच राहा आणि लांब मुदतीचं मोजा.

आमच्या भागात सगळ्यांनी मोजायला धावावं असं मला वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने तर नकोच. पण काही जागा आहेत. तळमजल्यावरची कायम एसी लावून बंद असलेली मुलांची अभ्यासाची खोली. बाजारातल्या इमारतींच्या तळघरातली दुकानं, दवाखाने, गोडाऊन. सराफ्यात तिजोरीशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत रोज दहा तास बसणारा हिशेबनीस. कारण तळघर चारही बाजूंनी मातीला लागलेलं असतं आणि त्यात हवा खेळत नाही. घराच्या बाबतीत एवढी चर्चा होते, पण आप्पांच्या धाकट्या मुलाचं दुकानच तळघरात आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात तिसऱ्या संध्याकाळी आलं.

आकडा १०० च्या आत असेल तर काही करू नये, खरंच काही करू नये. शंभर-दीडशेच्या पुढे गेला तर आधी भेगा बुजवा, पाइपांभोवती सीलंट भरा, आणि बंद खोलीत रोज हवा खेळेल अशी सोय करा. सकाळ-संध्याकाळ दारं उघडणं पुरतं का? थोडा वेळ पुरतं. बंद केल्यावर काही तासांत आकडा परत चढतो. त्यामुळे कायमची वाट हवी. बाहेरची हवा आत ढकलणारा छोटा पंखा किंवा उंचावरची जाळीची खिडकी. हवा शुद्ध करणारं यंत्र धुळीला चिकटलेली पोरं थोडी पकडतं, पण रेडॉन वायूला हात लावू शकत नाही. मनी प्लांटने तर काहीच होत नाही. तीनशेच्या वर आकडा टिकून राहिला तरच पुतण्यासारखा फरशीखालचा पाइप आणि पंखा. त्यात अवघड काही नाही. प्लिंथमधल्या मुरुमात पाइप सोडायचा, सांधा बंद करायचा, पंखा सतत चालू ठेवायचा आणि तोंड गच्चीच्या वर काढायचं. आपल्या कुठल्याही प्लंबरला दोन दिवसांत जमेल.

दिवाळीत पुतण्या आला तेव्हा डिजिटल यंत्र घेऊन आला आणि जाताना ठेवून गेला. आप्पांनी ते आधी हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडलं. मी ते तिथून उचलायला लावलं. मग ते देवघराजवळ गेलं, तिथून काकूंनी हलवलं. शेवटी मुलाच्या तळघरातल्या दुकानात, गल्ल्यामागे मच्छरदाणीच्या जुन्या हुकाला टांगलंय. आप्पा रोज सकाळी जाऊन आकडा बघतात, मी कितीही सांगितलं तरी. भुसावळला त्यांचं आयुष्य गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेलं, त्यामुळे वही घातलीच. रकाने आखले आहेत : तारीख, आकडा, एसी किती तास, शटर किती वाजता उघडलं, पाऊस होता का. पहिल्या पानावर सगळ्यात वर, लाल शाईने, दोनदा अधोरेखित करून त्यांनी एकक लिहून ठेवलं आहे.

बेकरेल.